परदेशात घेतलेली स्पोर्ट्स कार नाशिकला आणायची आहे? आधी तिचा जन्ममहिना शोधा

प्रश्न असा आला आहे: "मुलगा सहा वर्षं ब्रिटनमध्ये लीड्सला नोकरीला होता, आता कायमचा नाशिकला परत येतोय. दीड वर्षापूर्वी त्याने तिथे पोर्श ७१८ केमन सेकंडहँड घेतली. कागदावर पहिली नोंदणी जानेवारी २०२४ ची आहे, नंबरप्लेट '७३' ची. त्याचा तिच्यावर फार जीव आहे. आम्ही गंगापूर रोडला राहतो. गाडी इथे आणता येईल का, ड्यूटी किती पडेल, एमएच-१५ पासिंग होईल का? ओळखीतले म्हणतात, घरसामानाबरोबर आणली तर ड्यूटी लागत नाही."

काका, आधी थेट उत्तर देतो. गाडी उजव्या स्टिअरिंगची आहे आणि वयाने अगदी काठावर आहे, म्हणून कायद्याने ती येऊ शकते. पासिंगही होईल. पण तिथल्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम नुसत्या ड्यूटीत जाईल, आणि हातात वेळ किती आहे हे तुम्ही लिहिलेल्या तारखेवरून ठरत नाही. मुंबई पोर्टातून वापरलेल्या गाड्या सोडवणं आणि त्यांची नोंदणी करून देणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ लोकांना मी 'आणू नका' असंच सांगतो. तुमच्या बाबतीत काय सांगेन ते पुढे येईलच, आधी ओळखीतल्यांचं म्हणणं बाजूला काढू.

सामानाबरोबर आणली तर ड्यूटी माफ, हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं आहे. कायमचं परतणाऱ्या माणसाला घरसामानावर सवलत असते, ती खरी. फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्ही यांची यादीही असते. पण सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २(३) मध्ये 'बॅगेज'ची व्याख्या करतानाच मोटार वाहनं त्यातून वगळली आहेत. गाडी ही सामान होऊच शकत नाही. तिचं वेगळं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र, भरायचं आणि ड्यूटी पूर्ण द्यायची. अपवाद किती अवघड असतो ते आठवा: २००२ मध्ये सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तिच्यावरची सुमारे १ कोटी १३ लाखांची ड्यूटी सरकारने माफ केली, त्यावरून एवढं रान उठलं की शेवटी ती रक्कम फियाट कंपनीने भरायचं कबूल केलं. ब्रॅडमनच्या शतकांशी बरोबरी करणाऱ्याची ही कथा, तर आपण कुठे!

आता मुख्य मुद्दा, वय. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. उत्पादनाच्या. पहिल्या नोंदणीच्या नव्हे, खरेदीच्या तर नव्हेच. ब्रिटनमध्ये '७३' ची प्लेट सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात नोंदलेल्या गाड्यांना मिळते. तुमच्या मुलाची गाडी जानेवारी २०२४ मध्ये रस्त्यावर आली, म्हणून तुम्ही हिशोब जानेवारी २०२७ पर्यंतचा धरला असणार. पण शोरूमच्या मागच्या गोदामात ती किती महिने उभी होती? कारखान्यातून सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली असेल तर तुमची मुदत सप्टेंबर २०२६ लाच संपते. जानेवारीच्या हिशोबातले चार महिने गेले. जहाजाचा प्रवास आणि कागदपत्रं यांना तेवढाच वेळ लागतो, म्हणजे सगळा खेळ या चार महिन्यांचा आहे.

उत्पादनाचा महिना शोधायचा कसा? चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यातलं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: 'पी' असेल तर २०२३, 'आर' असेल तर २०२४. पण मॉडेल वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष नव्हे. २०२४ चं मॉडेल २०२३ च्या उन्हाळ्यातच बनायला लागलेलं असतं, त्यामुळे 'आर' दिसला म्हणून खूश होऊ नका. मुलाला सांगा, ड्रायव्हरच्या सीटबेल्टचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून काढ. खाली, जिथे पट्टा खांबाला जोडलेला असतो तिथे, कापडाचं छोटं लेबल शिवलेलं असतं आणि त्यावर पट्टा बनल्याची तारीख असते. गाडी त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बनलेली असते. हा पुरावा नाही, अंदाज आहे, पण फुकटात आणि पाच मिनिटांत मिळतो. लेबलवर जून २०२३ दिसलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही. महिना बरा निघाला तर मग पोर्शकडून उत्पादनाच्या तारखेचं लेखी पत्र घ्या. कस्टम्स अधिकारी शेवटी कंपनीच्या कागदावरच विश्वास ठेवतो.

आणि तीन वर्षं मोजताना गाडी मुंबईत पोचण्याची तारीख धरा. कुणी एजंट म्हणेल की जहाजावर चढल्याची तारीख चालते, वाद घालता येतो. वाद घालता येतो हे खरं, पण तो वाद चालू असताना गाडी पोर्टात उभी असते आणि भाडं तुमचं चालू असतं.

याच जोडीला एक गैरसमज: 'गाडी फक्त पाचशे किलोमीटर चालली आहे, नवीच आहे की'. नियमाने नवी गाडी म्हणजे आयातीच्या आधी जी कुणाला विकलेली नाही, भाड्याने दिलेली नाही आणि कुठल्याही देशात नोंदलेली नाही ती. शोरूममधून काढून एक दिवस जरी नंबर लावला तरी ती वापरलेली. उलट, कोरी नवी गाडी स्वतः आणायची म्हटलं तर ती जिथे बनली त्या देशातूनच आणावी लागते आणि टाइप अप्रूव्हलचा, म्हणजे त्या मॉडेलच्या सरकारी चाचणी-मंजुरीचा, डोंगर समोर येतो. एकट्या माणसाच्या आवाक्यातला तो मार्ग नाही.

स्टिअरिंगचा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण दुबईत आणि जर्मनीत असलेले नाशिककर मला हमखास विचारतात म्हणून सांगून टाकतो: डाव्या स्टिअरिंगची गाडी येत नाही. दुबईत लँबोर्गिनी कितीही स्वस्त दिसली तरी ती तिथेच राहणार. उजव्या स्टिअरिंगच्या स्पोर्ट्स कार मिळतात त्या ब्रिटन, जपान, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया अशा देशांत. स्टिअरिंग बदलून घेण्याचे प्रस्तावही येतात, वाऱ्यावर सोडा.

तुमच्या गाडीला मात्र मैलांची अडचण आहे. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा अशी अट आहे. ब्रिटनमधल्या केमनमध्ये मधल्या टॅकोमीटरच्या, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या, डावीकडच्या डायलवर मैलांचे आकडे छापलेले असतात. डिजिटल आकडा मेनूतून बदलतो, छापील डायल बदलत नाही. तो तिथल्याच वर्कशॉपमध्ये बदलून घ्या, पावती घ्या आणि बदलण्यापूर्वीचं ओडोमीटरचं रीडिंग त्या पावतीवर लिहून घ्या. नाही तर इथे कुणीतरी मीटर मागे फिरवल्याची शंका काढणार. हेडलाइट्सचा प्रश्न नाही, ब्रिटनमध्येही डावीकडूनच चालवतात.

आता बंदर. इथे माणसं फसतात, आणि नाशिकची माणसं जरा जास्तच फसतात, कारण आपल्याकडे घरटी एक द्राक्ष निर्यातदार ओळखीचा असतो. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराच्या जावयाने सिंगापूरहून एक जपानी स्पोर्ट्स कार आणली होती. सासऱ्यांचे द्राक्षाचे रीफर, म्हणजे थंड, कंटेनर दर हंगामात न्हावाशेवाहून युरोपला जातात, सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, वर्षानुवर्षांचा, त्यामुळे गाडीचं कामही त्यालाच दिलं. त्याने कंटेनर बुक केला, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, बंदर टाकलं न्हावाशेवा. कंटेनरचं सगळं काम आजकाल तिथेच होतं, त्याच्या दृष्टीने त्यात काही वावगं नव्हतं. पण वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या कस्टम्स बंदरातूनच आत येऊ शकते. खाडीच्या पलीकडचं न्हावाशेवा हे वेगळं कस्टम्स बंदर आहे. गाडी आली, कंटेनर उतरला आणि थांबला. मुंबईला हलवायची परवानगी मागा, ती नाकारली तर परत पाठवा, तोवर कंटेनर अडकल्याचं भाडं, म्हणजे डिटेन्शन वेगळं, पोर्टातली जागा अडवल्याचं भाडं, म्हणजे डेमरेज वेगळं, डॉलरमध्ये. माझ्याकडे फाइल आली तेव्हा डेमरेजचा आकडा गाडीच्या चारही टायरांच्या किमतीला मागे टाकून गेला होता. शेवटी गाडी सुटली, पण जावयाने ती पहिल्या वर्षातच विकली. आठवणच नको म्हणाला.

म्हणून बुकिंग करतानाच 'पोर्ट ऑफ डिस्चार्ज', म्हणजे माल उतरण्याचं बंदर, मुंबई आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माझी पसंती रो-रो जहाजाला आहे. ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टन किंवा ब्रिस्टलजवळच्या पोर्टबरीहून गाडी चालवत जहाजात चढवतात आणि मुंबई पोर्टात चालवत उतरवतात. रो-रोमध्ये गाडीत काही भरून पाठवता येत नाही. मुलाने डिकीत पुस्तकं आणि प्रेशर कुकर टाकायचा विचार केला असेल तर तो सोडून द्यावा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली, त्यामुळे वेळापत्रकात दहा-बारा दिवसांचा फरक सहज धरा. विमा 'ऑल रिस्क'चा घ्या. नुसता 'टोटल लॉस'चा घेतला तर बंपर फुटला तरी दमडी मिळत नाही. चढवण्यापूर्वी गाडी धुऊन, उजेडात, चहूबाजूंनी फोटो काढा. मळकट गाडीच्या फोटोत ओरखडा दिसत नाही.

ड्यूटीचं गणित जरा नीट बघू. वापरलेल्या गाडीवर पूर्वी १२५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्यावर अधिभार असं मिळून १३७.५ टक्के होत. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क ७० टक्क्यांवर आणलं. बातम्यांत ते वाचून मला किती फोन आले! पण त्याच दिवशी ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला. बेरीज पुन्हा १३७.५. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली, मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी आला. तेवढा थोडा दिलासा.

हे टक्के एकमेकांवर चढतात. गाडीची कस्टम्सने धरलेली किंमत १०० रुपये असेल तर १३७.५ ड्यूटी मिळून झाले २३७.५. त्यावर ४० टक्के जीएसटी म्हणजे ९५. एकूण कर २३२.५ रुपये. शंभराची गाडी सव्वातीनशेच्या पुढे जाते.

आणि हे '१००' म्हणजे मुलाने मोजलेली किंमत नव्हे. त्याने ओळखीतून, घासाघीस करून स्वस्तात घेतली असेल, कस्टम्सला त्याचं देणंघेणं नाही. वापरलेल्या गाडीचं मूल्य ठरवताना साधारणपणे ती नवी असतानाची किंमत घेतात आणि वयाप्रमाणे घसारा वजा करतात: पहिल्या वर्षात दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षात ३, तिसऱ्यात अडीच. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवतात. समजा नवी असताना गाडी ६० हजार पौंडांची होती आणि दहा तिमाह्या उलटल्या आहेत. घसारा १६ अधिक १२ अधिक ५, म्हणजे ३३ टक्के. उरले ४०,२००. भाडं आणि विमा मिळून ३ हजार धरले तर ४३,२०० पौंड. याच्या २३२.५ टक्के म्हणजे १,००,४४० पौंड कर. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सव्वा कोटीला थोडेच कमी, १ कोटी १५ लाख. आकडे उदाहरणाचे आहेत, दर दिवसाला आणि दर अर्थसंकल्पाला हलतात, पण आकाराचा अंदाज यावा म्हणून मांडले. केमनमध्ये महागडे पर्याय बसवलेले असतील, स्पोर्ट क्रोनो, चामड्याच्या सीट, मोठी चाकं, तर ते मूळ किमतीत धरले जातात हेही लक्षात असू द्या. चॅसी नंबर टाकला की कुठल्या सुविधांसह ती कारखान्यातून निघाली ते कळतं.

कागदपत्रांत सगळ्यात आधी व्ही-फाइव्ह-सी, म्हणजे तिथलं आरसी. ते मुलाच्याच नावावर असावं. विमा, सर्व्हिसच्या पावत्या, पार्किंगचा पास, जे जे त्याच्या नावावर आहे ते जपून ठेवा. तो खरंच तिथे राहत होता आणि गाडी खरंच त्याच्या ताब्यात होती, हे बघितलं जातं. पासपोर्टवरचे शिक्के आणि व्हिसाही. कायमची निर्यात करतोय हे तिथल्या वाहन विभागाला कळवून व्ही-फाइव्ह-सीचा तो भाग कापून पाठवावा लागतो, पण त्याआधी पूर्ण कागदाची रंगीत प्रत काढून घ्या. भावनेच्या भरात मूळ कागद पोस्टात टाकून मोकळे होणारे मी पाहिले आहेत.

जहाजावर चढण्यापूर्वी तिथल्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, गाडी आपल्या मोटार वाहन नियमांत बसते अशा अर्थाचं. हे इथे आल्यावर मिळत नाही. कुणी 'नंतर करू' म्हणालं तर एजंट बदला. गाडी आयातीनंतर निदान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिच्या सर्व्हिसची सोय भारतात आहे, अशी हमीही द्यावी लागते. पोर्शची सेवा केंद्रं भारतात आहेत, त्यामुळे तुमची ही अट सुटते. एखाद्या चिमुकल्या ब्रिटिश कंपनीची गाडी असती तर इथेच घोडं अडलं असतं. कंपनीकडून सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटीही मागवा. त्यावर धूर आणि आवाज यांचे युरोपीय प्रमाणांचे आकडे असतात, ते बीएस-६ च्या तपासणीत फार कामाला येतात.

मुलाने गाडीत काही फेरफार केले आहेत का, हे त्याला शांतपणे विचारा. तरुण पोरं विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बाहेरचा एग्झॉस्ट, रीमॅप केलेला ईसीयू (इंजिनचा संगणक), खाली केलेलं सस्पेन्शन, काचांना काळी फिल्म, हे सगळं तिथेच काढून मूळ भाग बसवायला सांगा. मूळ एग्झॉस्ट विकून टाकला असेल तर सेकंडहँड शोधून घ्या. इथल्या तपासणीत आवाज मोजला जातो.

मुंबईत उतरल्यावर कस्टम्स सोडण्याआधी गाडीची तपासणी होते. वापरलेल्या गाड्यांसाठी नेमलेल्या संस्थांत पुण्याची एआरएआय, वेताळ टेकडीवरची, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई ही दोन नावं आहेत. नाशिककरांना दोन्ही जवळ, एवढंच एक सुख या प्रकरणात आहे. गाडी तिथे बंद ट्रकमधून किंवा फ्लॅटबेडवरून जाते. उघड्या टोइंगला देऊ नका. कमी उंचीची गाडी चढवायला लांब रॅम्प लागतो. तो नसला की ड्रायव्हर विटा आणि फळ्या लावतो आणि पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला तडा जातो. बुकिंग करताना रॅम्पचा फोटो मागवा. लाज वाटायचं कारण नाही.

एवढं पार पडलं की पेठ रोडचं आरटीओ सोपं वाटतं. बिल ऑफ एंट्रीची प्रत, कस्टम्सची सुटका, तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र, चॅसी नंबरवर काढलेला विमा, पत्त्याचा पुरावा, फॉर्म २०. मोटार वाहन निरीक्षक चॅसी नंबर स्वतः बघतो. केमनमध्ये इंजिन सीटच्या मागे, मधोमध दडलेलं असतं, इंजिन नंबर सहज दिसत नाही. त्यामुळे इंजिन नंबरचं कंपनीचं पत्र सोबत न्या, नाही तर दोन चकरा नक्की. महाराष्ट्रात आयात गाडीवरचा एकरकमी कर २० टक्के आहे, आणि त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. तुमच्या उदाहरणात किंमत अधिक ड्यूटी मिळून १ कोटी ६५ लाखांच्या घरात जाते, त्याचे २० टक्के ३३ लाख, म्हणजे मर्यादा लागून ३० लाख. 'दमणला किंवा दुसऱ्या राज्यात नोंदवून घ्या, टॅक्स वाचेल' असं सांगणारे भेटतील. गाडी गंगापूर रोडला कायम उभी राहणार असेल तर महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो, आणि लाल केमन नाशकात लपत नाही.

लपायचं निघालंच तर आडवाटांबद्दलही. कारनेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या परवान्यावर, परदेशी नंबरची गाडी ड्यूटी न भरता सहा महिन्यांपर्यंत आणता येते. ती सोय परदेशात राहणाऱ्या माणसाने चार दिवस हिंडून गाडी परत न्यावी यासाठी आहे. मुलगा कायमचा परतलाय, त्याला ती लागू नाही. मुत्सद्द्यांच्या नावावर गाड्या आणून विकणाऱ्या टोळीवर डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, २०२१ मध्ये धाड घातली. २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या गाड्या 'ऑपरेशन नुमखोर'मध्ये जप्त केल्या, आणि त्यात मोठमोठ्या नावांच्या दारात पथकं गेली. अशा गाडीची जप्ती होते, दंड होतो, सीमाशुल्क कायद्याच्या कलम १३५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'आपलं सगळीकडे सेटिंग आहे' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये मुक्त व्यापार करार झाला, मग ड्यूटी कमी होणार की, असं मुलगा म्हणेल. त्यातल्या गाड्यांच्या सवलती कोट्याने आणि टप्प्याटप्प्याने आहेत आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या मालासाठी आहेत. ७१८ जर्मनीत बनलेली आहे. ब्रिटनमध्ये विकत घेतली म्हणून ती ब्रिटिश होत नाही.

आली समजा. चालवायची कशात? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आहे. गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गोल स्टिकर असतो, त्यावर ई-५ आणि ई-१० लिहिलेलं असेल. आपल्या पंपावर ई-२० येतं. भारतासाठी बनलेल्या पोर्शमध्ये त्याचा विचार केलेला असतो, ब्रिटनसाठी बनलेल्या गाडीबद्दल कंपनीने लेखी हो म्हटल्याशिवाय मी धीर देणार नाही. वॉरंटीही दुसऱ्या देशात विकलेल्या गाडीला इथे मिळेलच असं धरू नका. कामासाठी मुंबईकडे धावावं लागेल, म्हणजे कसारा घाट, आणि पावसाळ्यातले महामार्गावरचे खड्डे. इगतपुरीहून समृद्धीवर चढलात तर मजा आहे, पण तिथपर्यंत पोचायचं असतं. शहरात तर सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले. तुमच्या सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर किती उंच आहे ते आजच टेपने मोजा. तो डांबरी ढिगारा असेल तर केमनचं पोट रोज घासणार.

तर हिशोब असा: ड्यूटी १ कोटी १५ लाख, आरटीओ ३० लाख, भाडं-विमा-तपासणी-सीएचए वेगळे. घरातून नव्याने दीड कोटी जातील. आणि तीच गाडी मुलाने तिथेच विकली तर चाळीसेक लाख घरात येतील. भारतात रीतसर विकली गेलेली, इथेच नोंदलेली, दोन-तीन वर्षं जुनी केमन दीड कोटीपेक्षा बऱ्याच कमीत मिळते, बहुतेक ती ई-२० ला तयार असते आणि वर्कशॉप तिला दारातून परत पाठवत नाही. माझं मत विचाराल तर लीड्समध्ये विकावी. त्या विशिष्ट गाडीतच जीव अडकला असेल, पैशांचा प्रश्न नसेल आणि कंपनीच्या पत्रात महिना ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतरचा निघाला, तरच पुढे पाऊल टाका, आणि तेही जहाजाची तारीख हातात आल्यावर. बाकीच्यांसाठी पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आहे, त्यावर वेगळं लिहीन.

इथे सेकंडहँड बघायला लागलात तर विकणाऱ्याकडे पहिल्यांदा मूळ इन्व्हॉइस मागा, अधिकृत डीलरचं. डीलरऐवजी कुणा व्यक्तीने आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री आणि ड्यूटी भरल्याचं चलन मागा. आरसीवरचा उत्पादनाचा महिना, चॅसी नंबर आणि बिल ऑफ एंट्रीवरचा नंबर समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. ईशान्येकडच्या एखाद्या राज्याची पहिली नोंदणी आणि तिथून एनओसी घेऊन महाराष्ट्रात आलेली असेल तर जुना मालक कोण होता, त्याचा तिथला पत्ता खरा आहे का, हे तपासल्याशिवाय टोकनही देऊ नका. चलनाची प्रत 'आरटीओत जमा आहे, नंतर देतो' असं उत्तर आलं तर गाडी बघायला जाऊ नका.